रोहूचं जठर सापडलं नाही, कारण ते नसतंच

तुझा प्रश्न असा आहे की प्रॅक्टिकलला रोहू चिरलास, काळीज, वाताशय, आतडं सगळं दाखवलंस पण जठर काही सापडलं नाही, जर्नलमधल्या आकृतीत मात्र अन्ननलिकेच्या पुढे पिशवीसारखं जठर काढलेलं आहे, व्हायवाला "जठर कुठंय" असं विचारल्यावर तू गप्प राहिलीस नि मार्क गेले. आणि आता तुला माशाची बाहेरची आणि आतली रचना एकदा नीट समजून घ्यायचीय.

पहिलं हे ऐक, तुझं काही चुकलेलं नाही. रोहूला जठर नसतं. कटला, मृगळ, सायप्रिनस (कॉमन कार्प), गवत्या (ग्रास कार्प), ही सगळी कार्प कुळातली मंडळी जठराशिवायचीच. अन्ननलिका संपली की थेट आतडं सुरू होतं, त्याचा सुरुवातीचा भाग जरा फुगीर असतो, त्याला इंटेस्टायनल बल्ब म्हणतात, आणि बऱ्याच आकृत्यांत त्यालाच जठर म्हणून नाव देऊन टाकतात. पण जठर म्हटलं की तिथे आम्ल सुटलं पाहिजे, प्रथिनं पचवणारं पेप्सिन सुटलं पाहिजे, ते ह्या बल्बमध्ये सुटत नाही. म्हणून पुढच्या वेळी कोणी विचारलं तर बल्बवर चिमटा ठेवायचा आणि स्पष्ट सांगायचं की ह्या माशाला खरं जठर नसतं.

मी सत्तावीस वर्षं मत्स्यबीजाच्या, म्हणजे माशांची पिल्लं तयार करायच्या कामात आहे, किती मासे चिरले याचा हिशोब नाही, आणि दरवर्षी शिकायला येणाऱ्या पोरांना मी एकच सांगतो की आकृती घरी ठेवा आणि मासा हातात घ्या. आकृती "मासा" नावाच्या कुठल्या तरी सरासरी प्राण्याची असते, हातातला मासा रोहू असतो, आणि तो काय खातो नि पाण्याच्या कुठल्या थरात राहतो हे त्याच्या अंगावर तोंडापासून गुदद्वारापर्यंत लिहिलेलं असतं.

बाजारातून साधारण पाऊण ते एक किलोचा ताजा रोहू आण, लेबिओ रोहिटा, हॅमिल्टनने 1822 साली गंगेच्या खोऱ्यातल्या माशांत त्याचं वर्णन केलं तोच. डोळे फुगीर आणि स्वच्छ, कल्ले लालभडक, अंगावर बोट दाबलं तर खड्डा राहू नये. बर्फात चार दिवस पडलेला मासा आणलास तर आतलं सगळं लगदा झालेलं असतं, मग कुठला अवयव कुठला हे मलाही सांगता येणार नाही. आणि मच्छीवालीला सांग की साफ करू नको, खवलं काढू नको, अख्खाच दे.

आता लगेच चिरू नकोस. निदान पंधरा मिनिटं नुसता बाहेरून बघ.

तोंड बघ आधी. रोहूचं तोंड थोबाडाच्या टोकाला नसून जरा खालच्या अंगाला असतं, ओठ जाड आणि कडेला झालर असल्यासारखे, दोन्ही कोपऱ्यांत खोबणीत लपलेल्या बारीक मिशा, एक जोडी, ह्या बोटाने ओठ बाजूला केल्याशिवाय दिसत नाहीत. ह्या ओठांनी तो मधल्या थरातलं शेवाळ, वनस्पतीचे कुजके तुकडे खरवडून खातो. शेजारच्या टोपलीत कटला असेल तर त्याचं तोंड बघून ठेव, मोठं आणि वर वळलेलं, मिशा अजिबात नाहीत, तो पृष्ठभागाजवळचे सूक्ष्म प्राणी पाण्यासकट गिळतो. मृगळाचं तोंड खाली, तो तळातला गाळ चाखतो. तीन मासे एका तळ्यात का सोडतात याचं उत्तर ह्या तीन तोंडांत आहे, एकाच्या ताटातलं दुसरा फारसं खात नाही. जबड्यात बोट घालून बघ, दात लागणार नाहीत. दात आहेत, पण घशात, त्यावर येतो नंतर.

नाकाची भोकं डोळ्याच्या पुढे दिसतील. ती श्वासाची नाहीत हे लक्षात ठेव, तोंडात उघडत नाहीत, फक्त वास घ्यायला आहेत. डोळ्याला पापणी नाही. आणि भिंग आपल्यासारखं चपटं नसतं, गोल गोळी असते, मासा शिजवल्यावर डोळ्यातून जो पांढरा टणक मणी निघतो तो हाच.

आता खवलं. रोहूची खवलं गोलसर कडेची, सायक्लॉइड, कौलांसारखी एकावर एक. अंगाच्या मधून कल्ल्यांच्या मागून शेपटीपर्यंत एक बारीक रेघ जाते ती पार्श्वरेषा. त्या रेघेवरचं एक खवलं चिमट्याने उपटून उजेडासमोर धर, मधोमध बारीक नळी दिसेल. बाजूचं दुसरं खवलं उपट, त्यात नळी नसेल. त्या नळ्यांतून पाण्याची हालचाल आतल्या संवेदी पेशींपर्यंत पोचते, म्हणजे गढूळ पाण्यात, रात्री, डोळ्याला काही दिसत नसताना माशाला कळतं की बाजूने काही तरी गेलं. रोहूत ह्या रेघेवर 40 ते 44 खवलं भरतात, मोजून जर्नलमध्ये लिही, स्वतः मोजलेला आकडा लिहिला की परीक्षकाला कळतं.

खवल्यांवरचा बुळबुळीतपणा म्हणजे घाण नाही, तो माशाचा अंगरखा आहे. जाळ्यात, हाताळताना तो निघाला की दोन-तीन दिवसांत तिथे कापसासारखी बुरशी धरते, म्हणून आमच्याकडे कोरड्या हाताने जिवंत मासा धरू देत नाही. आणि परांच्या बुडाशी नीट बघ, कधी कधी चपटी पारदर्शक टिकली चिकटलेली असते आणि सरकते, ती आर्ग्युलस, शेतकरी तिला माशाची ऊ म्हणतात.

पर मोजायचे. पाठीवर एक, खाली गुदद्वारामागे एक, शेपटीचा एक, हे एकेकटे. जोडीचे दोन, कल्ल्यांमागचे वक्षपर आणि पोटावरचे श्रोणिपर. रोहूचे श्रोणिपर पोटाच्या मध्यावर असतात. चिलापी (तिलापिया) घेतलीस तर तिचे हेच पर पार पुढे वक्षपराखाली सरकलेले दिसतील आणि पाठीच्या परात टोचणारे काटे असतील, रोहूच्या परात तसा टोचणारा काटा नसतो. शेपूट ढकलायला, पाठीचा आणि गुदाजवळचा पर अंग कलंडू नये म्हणून, जोडीचे पर वळायला आणि ब्रेक मारायला.

वक्षपरावर जरा थांब, कारण आमचा अर्धा धंदा त्यावर चालतो. पावसाळ्याच्या तोंडाला नर-मादी ओळखायची असते तेव्हा आम्ही बघत नाही, चाचपतो. वक्षपराच्या वरच्या बाजूवरून अंगठा फिरवायचा, नराचा खरखरीत लागतो, मादीचा गुळगुळीत. नराचं पोट हलकं दाबलं की दुधासारखं मिल्ट, म्हणजे वीर्य, बाहेर येतं, मादीचं पोट मऊ नि फुगलेलं, गुदद्वार लालसर सुजलेलं. नव्या माणसाला सुरुवातीला काही फरक कळत नाही, मग एक दिवस बोटाला कळतं आणि पुन्हा कधी चुकत नाही. तू जून-जुलैत मासा आणलास तर हे जरूर करून बघ.

आता कल्ले. झाकण, म्हणजे ऑपरक्युलम, कात्रीने मुळापासून काप. खाली लाल कंगव्यांच्या चार कमानी दिसतील प्रत्येक बाजूला. एक कमान कापून पाण्याने भरलेल्या पांढऱ्या वाटीत टाक, मग दिसतं की बाहेरच्या बाजूला लाल मऊ तंतू आहेत आणि आतल्या बाजूला पांढरट टणक दाते. लाल तंतू श्वासाचे, दाते गाळणीचे. कटल्याचे दाते लांब आणि दाट असतात कारण त्याला पाण्यातलं सूक्ष्म खाद्य गाळायचंय. लाल तंतूंवर आणखी बारीक पापुद्रे असतात, त्यांतून रक्त एका दिशेने जातं आणि वरून पाणी बरोबर उलट दिशेने, त्यामुळे शेवटपर्यंत पाण्यात रक्तापेक्षा ऑक्सिजन जास्तच राहतो आणि रक्त तो ओढत राहतं, पाण्यातला 80 टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन अशा रचनेत काढून घेता येतो. तरी पाण्यात मुळात ऑक्सिजन कमीच, त्यात रात्रभर शेवाळही तोच वापरतं, म्हणून पहाटे तळ्यावर गेलं की मासे तोंड वर काढून हवेशी झटताना दिसतात. ते दिसलं की खाद्य बंद करायचं आणि पाणी हलवायचं, पंप लावायचा, वाट बघायची नाही. कल्ल्यांचा रंगही वाच, चॉकलेटी झाले तर पाण्यात नायट्राइट वाढलंय, फिके पडले तर रक्तच कमी आहे.

चार कमानींच्या मागे, घशाच्या तोंडाशी पाचवी कमान असते, तिला कल्ला नाही, तिच्यावर दात आहेत. ती सोडवून काढ, थोडी खटपट पडते, उकळत्या पाण्यात बुडवून मांस ब्रशने काढलं तर स्वच्छ निघते. दातांच्या तीन रांगा दिसतील. हे दात वरच्या बाजूला कवटीच्या बुडाशी असलेल्या टणक गादीवर घासले जातात आणि शेवाळ, पाला दळला जातो. जठर नाही म्हणून दळण घशातच करून घ्यायचं, अशी ही सोय.

आता चिर. मासा उजव्या कुशीवर झोपव, डोकं तुझ्या डावीकडे. कात्रीचं बोथट टोक गुदद्वाराच्या जरा पुढे आत घालायचं, टोक वर उचलून धरून पोटाच्या मध्यरेषेने घशापर्यंत काप घ्यायचा. टोक खाली गेलं की आतडं फुटतं आणि मग सगळा ट्रे हिरवा-काळा होतो. नंतर गुदद्वारापासून वर चढून कमानीसारखा काप घेत डाव्या कुशीचा अख्खा पडदा उचलून काढ.

पहिल्यांदा दिसतो तो गुंताच, आतड्याची वेटोळी, त्यांच्या मधून घुसलेलं तपकिरी यकृत, आणि पाळलेला मासा असेल तर पिवळट चरबी. यकृत आणि स्वादुपिंड वेगळं काढायला जाऊ नकोस, स्वादुपिंडाच्या पेशी यकृतात आणि आतड्याभोवतीच्या पडद्यात विखुरलेल्या असतात, म्हणून त्याला हेपॅटोपँक्रियाज म्हणतात. वेटोळ्यांमध्ये गडद लाल चपटी प्लीहा सापडेल.

यकृताला चिकटून गडद हिरवी पिशवी, पित्ताशय. ती फुटली की मांस कडू होतं हे घरी सगळ्यांना माहीत असतं. पण एक गोष्ट मनापासून सांगतो, घरीदारी सगळ्यांना सांग, मधुमेहावर नाहीतर दम्यावर उपाय म्हणून काही लोक माशाचं पित्त कच्चं गिळतात, ते करू नका. कार्प माशांच्या पित्ताने माणसाची किडनी काही दिवसांत निकामी होऊ शकते, आपल्या देशात रोहूचं पित्त गिळून असं झालेले रुग्ण डॉक्टरांनी नोंदवलेत, आणि शिजवूनसुद्धा ते विष जात नाही.

आता आतडं सोडव. घाई करू नकोस, बोटांनी पडदा सोडवत सोडवत टेबलावर सरळ पसर. मी एकदा शिकाऊ पोरांसमोर हातभर लांबीच्या रोहूचं आतडं असंच मोजलं, टेबल संपलं, मग दुसरं टेबल जोडलं, अंगाच्या दहापट भरलं. पोरं बघतच राहिली. शेवाळ, कुजका पाला पचायला अवघड, त्यात आम्लाचं जठर नाही, म्हणून लांबच लांब आतडं. आणि रोहूचं बोटाएवढं पिल्लू चिरलंस तर हेच आतडं अंगाच्या मानाने कितीतरी आखूड असतं, कारण तेव्हा तो सूक्ष्म प्राणी खातो, खाणं बदलतं तसं आतडं वाढत जातं. ह्याच्या शेजारी मरळ चिरून ठेव. मरळ शिकारी, तिला व्यवस्थित स्नायूंचं जठर, त्यात कधी कधी अख्खा मासा, आणि आतडं अंगापेक्षाही आखूड. चिलापीलाही जठर असतं, आणि तिचं आम्ल फार तीव्र. रोहू आणि मरळ असे दोन ट्रे शेजारी ठेवले की जर्नलमधली आकृती कुठे चुकते ते दिसतं.

तळ्यावर ह्याचा उपयोग असा की जठर नसलेल्या माशाकडे खाद्य साठवायला जागाच नाही. सकाळी एकदम सगळं खाद्य ओतलं तर बरंच तळाला जाऊन कुजतं. आंध्रात भोकं पाडलेल्या पिशव्या बांबूला बांधून तळ्यात लोंबकळत ठेवतात, मासा येतो, थोडं ओढतो, जातो, परत येतो. रोहूच्या शरीराला हीच पद्धत मानवते.

आतडं बाजूला केलं की वर पांढरं चकचकीत वाताशय. दोन कप्पे, मध्ये आवळलेले, आणि तिथून एक बारीक नळी अन्ननलिकेला जोडलेली. मासा पाण्यात एका खोलीवर स्थिर राहतो तो ह्यामुळे. पुढच्या कप्प्याचं टोक मणक्याशी जिथे टेकतं तिथे सुरीने हळू खरवड, बारीक हाडांची साखळी लागेल, वेबेरियन ऑसिकल्स, एर्न्स्ट वेबरने 1820 साली दाखवलेली. पाण्यातल्या आवाजाने वाताशय थरथरतं, ती थरथर ही हाडं आतल्या कानापर्यंत नेतात. बाहेरून कान दिसत नाही, पण बांधावर पाय आपटलेला कार्पला कळतो. मरळीत ही हाडं नसतात, मांगूर-शिंगटात असतात.

वाताशयाच्या वर, कण्याला चिकटून, गडद लाल लांबट पट्टा दिसतो तो रक्ताचा गोळा समजून बरेच जण खरवडून टाकतात. ते मूत्रपिंड. गोड्या पाण्यातल्या माशाचं अंग बाहेरच्या पाण्यापेक्षा खारं, त्यामुळे कल्ल्यांतून पाणी सारखं आत शिरत असतं आणि क्षार बाहेर निसटत असतात. मूत्रपिंड दिवसभर पातळ लघवी करून पाणी उपसतं, आणि कल्ल्यांतल्या खास पेशी पाण्यातले क्षार परत ओढून घेतात. बीज नेताना टाकीत आम्ही थोडं मीठ टाकतो ते ह्यासाठीच, आतलं-बाहेरचं अंतर कमी होतं आणि दमलेल्या पिल्लांचा हा उपसा हलका होतो. मूत्रपिंडाचा डोक्याकडचा भाग तर रक्तपेशी तयार करायचं काम करतो, माशाच्या हाडात आपल्यासारखी रक्त बनवणारी मज्जा नसते.

काळीज पोटाच्या पोकळीत शोधू नकोस, ते पुढे, दोन्ही वक्षपरांच्या मधल्या हाडांखाली वेगळ्या कप्प्यात असतं. एक कर्णिका, एक निलय, पुढे पांढरा फुगवटा बल्बस आणि मागे पातळ सायनस. अशुद्ध रक्त एकदाच ढकलायचं, ते कल्ल्यांत शुद्ध होतं नि तिथूनच अंगभर जातं.

काट्यांबद्दल तू वेगळं विचारलं नाहीस पण घरी विचारतील. रोहू-कटल्यात इंग्रजी वाय अक्षरासारखे सुटे काटे स्नायूंच्या मध्ये रुतलेले असतात, कण्याला जोडलेले नसतात, म्हणून कणा काढला तरी ते मांसात राहतात. मरळीत असे काटे नाहीत, तिचा भाव त्यामुळेही चढा.

मासा मादी असेल आणि हंगाम असेल तर पोकळीचा बराच भाग गाभोळीनेच भरलेला असेल. दोन लांब पिशव्या, दाण्यांनी खचाखच. रोहूची मादी किलोमागे साधारण दोन-तीन लाख अंडी देते. पण तळ्यात ठेवली तर ती अंडी तयार होऊनही सोडत नाही, तिला पुराचं वाहतं पाणी लागतं. ही अडचण सुटली ती माशाच्या डोक्यातल्या एका दाण्यामुळे, आणि तो दाणा तू स्वतः काढून बघावास अशी माझी फार इच्छा आहे.

कवटीचा वरचा तुकडा धारदार सुऱ्याने डोळ्यांच्या वरून आडवा उडव. पांढरी चरबी दिसेल, ती कापसाने टिप. खाली मेंदू, इतक्या मोठ्या माशाच्या मानाने अगदी लहान, मध्ये दोन गोल दृष्टीचे खंड, आणि मागच्या बाजूला चवीचे फुगलेले खंड, कारण हा मासा तोंडात घेतलेलं चाखून निवडतो. मेंदूच्या पुढच्या नसा काप, मेंदू चिमट्याने मागे उलटव. खाली हाडात एक छोटा खड्डा आहे, त्यावर पातळ पडदा. पडदा सुईने कडेने सोडव, आत ज्वारीच्या कणीएवढा पांढरट गोळा, पियुषिका ग्रंथी. दाबू नकोस, फुटते. लगेच ॲब्सोल्युट अल्कोहोलच्या बाटलीत टाक.

10 जुलै 1957 ला ओडिशातल्या अंगुलला हिरालाल चौधरी आणि अलिकुन्ही ह्या मत्स्यशास्त्रज्ञांनी ह्याच ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांकडून तळ्यातच अंडी सोडवून घेतली, म्हणून 10 जुलै हा मत्स्य शेतकरी दिन. आता तयार इंजेक्शनं मिळतात, पण मी कामाला लागलो तेव्हा आम्ही रात्री बसून अशा ग्रंथी वाटायचो, अर्क गाळायचो, मादीच्या शेपटीजवळच्या स्नायूत टोचायचो आणि हापाच्या, म्हणजे पाण्यात बांधलेल्या कापडी पेटीच्या, कडेला बॅटरी घेऊन उकिडवे बसून राहायचो. पहाटेच्या सुमाराला पाण्यात फडफड सुरू व्हायची, आणि उजाडल्यावर हापाच्या कापडात हात घातला की बोटांना फुगलेली अंडी लागायची, साबुदाण्यासारखी, पारदर्शक.

पहिल्या प्रयत्नात ग्रंथी निघणार नाही. दोन-तीन डोकी जास्तीची आण, मच्छीवाल्याकडे डोकी स्वस्तात मिळतात.